रस्त्यावरून दिसेल तेवढंच

कॉलेजातल्या आमच्या भूगोलाच्या सरांनी आयुष्यभर शहराचा अभ्यास केला, पण रस्त्याची कड ओलांडून ते कधी कुणाच्या दारात गेले नाहीत. तो त्यांचा नियम होता आणि नियमाचा त्यांना अभिमान होता. "रस्त्यावरून दिसेल तेवढंच नकाशात भरायचं," असं ते पहिल्या तासाला सांगायचे, आणि मग वर्षभर सांगत राहायचे. आज मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पोरांच्या हातात नकाशे देऊन त्यांना गल्लोगल्ली हिंडवते. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे वेड कुठून आणलंत?" मी सांगते, जळगावहून. माणसाचं नाव मात्र सांगत नाही. ते घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर खाकी हॅट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. शर्टाच्या खिशात रंगीत पेन्सिली, त्याही टोकं खाली करून, त्यामुळे खिशाच्या तळाशी कायम रंगांचा चिखल. मुलांना ते 'गृहस्थ' म्हणायचे आणि मुलींना 'कुमारी'. "अहो कुमारी, पेन्सिलीला टोक आहे की नुसताच दांडा?" वर्गात आम्ही पाचसहाजणी होतो, सगळ्या एकदम वर बघायचो. नावं लक्षात ठेवण्याचा त्रास त्यांनी कधी घेतला नाही. गल्ल्यांची नावं मात्र तोंडपाठ. बरोबरच आहे, गल्ल्या उलटून प्रश्न विचारत नाहीत.

सर मूळचे धुळ्याचे, आणि धुळ्याचा त्यांना असा गर्व की जणू ते गाव त्यांनीच वसवलं. "धुळं बघा! पट्टी लावून काढलेलं गाव. गल्ली नंबर एक, गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर तीन. आंधळा माणूससुद्धा घरी पोचतो. आणि हे तुमचं जळगाव? ज्याला जिथं वाटलं तिथं तो बसला!" हे ऐकताना आम्ही माना खाली घालायचो, जणू आमच्या आजोबांनीच मुद्दाम वाकडं घर बांधून ठेवलं होतं. शनिवारी दुपारची एस.टी. पकडून सर आपल्या नंबरवाल्या गल्लीत जायचे. सोमवारी परत यायचे ते माहेरून आलेल्या सासुरवाशिणीचं तोंड करून.

पहिल्या तासाला ते कांदा घेऊन येत. खोटं नाही सांगत. टेबलावर कांदा ठेवायचा, सुरीनं मधोमध कापायचा आणि अर्धा भाग वर धरायचा. "हे शहर. मधला कोंब म्हणजे बाजार. त्याभोवती गोदामं. त्याभोवती गरिबांची घरं. त्याभोवती बऱ्या लोकांची. सगळ्यात बाहेर बंगले. परदेशातल्या मोठ्या विद्वानांनी हे सिद्ध केलंय." तोवर पुढच्या बाकावरच्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं असायचं. सरांच्याही यायचं. त्याच डोळ्यांनी ते जळगावचा नकाशा उलगडायचे आणि म्हणायचे, "चला, आपल्या गावात कांदा शोधू या."

आता जळगाव काही कांदा नाही. रुळांच्या कडेनं आणि हायवेच्या कडेनं लांबलचक पसरलेलं गाव. आमच्यातला जामनेरकडचा एक पोरगा बिचारा सरळ मनानं म्हणाला, "सर, हे कांद्यापरीस भरताच्या वांग्यासारखं दिसतंय." वर्ग फुटला. सर हसले नाहीत. "गृहस्थ, गाव चुकलं असेल. सिद्धांत चुकत नाही," असं म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं. त्या वर्षी आम्ही रंग भरून भरून गावाला गोल करायचा प्रयत्न केला. मधे शेत आलं तर सर म्हणत, "हे तात्पुरतं शेत आहे, इथं पुढे वस्ती होणार, घरांचं पिवळं भरा." होणार म्हणजे झालीच, असला हिशेब!

बाजारातली गंमत तर आधीच्या वर्षाच्या मुलांनी आम्हाला सांगितली होती. सर तीसेक पोरं घेऊन, शिट्टी फुंकत, नकाशाच्या फळ्या घेऊन सराफ बाजारात शिरले. दुकानदारांना वाटलं, विक्रीकरवाले आले. बघता बघता सगळ्या दुकानांची शटरं धडाधड खाली. सर रस्त्याच्या मधोमध उभे. त्यांना रस्त्यावरून काय दिसतंय? बंद शटरं. "लिहा. बंद गोदामं," सर म्हणाले. एक पोरगा म्हणाला, "सर, ही सोन्याची दुकानं आहेत, माझ्या बहिणीचं मंगळसूत्र इथूनच घेतलं." "आत्ता काय दिसतंय ते सांगा, गृहस्थ." झालं! त्या वर्षीच्या नकाशात जळगावचा सोन्याचा बाजार बुडाला. पुढच्या वर्षी सर गेले ते शिट्टीशिवाय, दुकानं उघडी होती, तेवढी भरली. आणि मग या माणसानं त्यावर निबंध लिहून कुठल्याशा परिषदेत वाचला, 'एका बाजारपेठेचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन'. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. वाजवणारच, त्यांना कुठं जळगावात येऊन सोनं घ्यायचं होतं?

एक गोष्ट मात्र कबूल करते, नाही केली तर माझंच मन मला खाईल. बाकीचे प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून टिपणं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. सर आम्हाला उन्हात चालवायचे. दरवर्षी तोच भाग, नकाशाच्या त्याच शीट, नवी मुलं. मग ते भूगोलाच्या खोलीतल्या काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे ट्रेसिंग कागद एकावर एक ठेवायचे. खालच्या कागदावरचं हिरवं शेत वरच्या कागदावर पिवळं झालेलं, त्याच्या वरच्यावर जांभळा कारखाना. केळीच्या बागेवर कॉलनी कशी चढते, ते आम्ही त्या काचेवर डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं होतं, जगात याच्याइतकं शिकण्यासारखं दुसरं काही नाही. अजूनही वाटतं, म्हणून तर राग जात नाही.

रंगांचे नियम सरांनी खोलीच्या भिंतीवर लावले होते. घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शेती हिरवी, पडीक जागा पांढरी. सगळ्यात खाली राखाडी चौकोन, त्यापुढे लिहिलेलं, 'इतर'. स्मशान, वीटभट्टी, कचरा टाकायची जागा, कशातच न बसणारं सगळं त्यात. आणि पिवळ्या रंगाखाली बारीक अक्षरात अट होती. विटांची भिंत असेल तरच घर.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या गटाकडे शीट नंबर सात आली. रुळांच्या पलीकडचा भाग. त्यात एक डाळ मिल, मिलची लांब भिंत, आणि भिंतीमागे आमची वस्ती. आमची म्हणजे माझी. मी तिथंच जन्मले. माझे आजोबा पाचोऱ्याकडून आले, मिलच्या मालकाच्या बापानं त्यांना तिथं झोपडं बांधू दिलं, मग भाऊबंद आले. सगळी बौद्ध घरं. बाया मिलमध्ये डाळ निवडायच्या, पुरुष हमाली करायचे, दोघंतिघं रेल्वेत, एक दवाखान्यात कंपाउंडर. माझ्या वडलांना सगळी वस्ती आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायची. भिंती मातीच्या, वर पत्रे. विटांचा म्हणाल तर आमचा विहार तेवढा होता, सगळ्यांनी रविवारी रविवारी राबून बांधलेला. पण रस्त्यावरून त्यातलं काहीच दिसत नसे. दिसायची ती मिलची भिंत आणि बाभळी.

मी शीट सातमध्ये वस्ती पिवळी केली, एकेक घर, विहारासकट. सरांनी शीट हातात घेतली, हॅट मागे सारली, आणि सगळ्यांसमोर खिशातून ब्लेड काढून पिवळा रंग खरवडायला लागले. कर्रकर्र आवाज, कागद पातळ झाला.

"सर, हे काय करताय?"

"कुमारी, भावनेनं रंग भरायचा नसतो. इथं काय आहे? पडीक. दरवर्षी पडीक आहे. मागच्या सगळ्या शीट बघा."

"सर, मी तिथं राहते."

 सरांनी ब्लेड थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदाच. आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही राहत असाल हो. पण ते भूमी उपयोजनात बसत नाही."

 घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती डाळीच्या धुळीनं पांढरं झालेलं तोंड पुसत हसली. "मंग आपन काय हवामा ऱ्हातस का?" म्हणाली. आम्ही सगळेच हसलो. कागदावरच्या रंगाला काय घाबरायचं, असं वाटलं.

पुढच्याच वर्षी कळलं काय घाबरायचं ते. गावाचा नवा आराखडा व्हायचा होता आणि आराखडा करणाऱ्या कचेरीला कुणीतरी सांगितलं, कॉलेजात आयते नकाशे आहेत, दरवर्षीचे. सरांना तर आकाश ठेंगणं झालं! समारंभ झाला, हार झाले. सरांनी सगळ्या शीट जोडून उतरवलेले दरवर्षीचे मोठे नकाशे कचेरीच्या साहेबांच्या हाती दिले, फोटो निघाला. काही महिन्यांनी आराखडा चावडीवरच्या जाहीरनाम्यासारखा कचेरीच्या भिंतीवर लागला. आमच्या कंपाउंडरकाकांनी बघून येऊन सांगितलं, आपल्या जागेवर खेळाचं मैदान टाकलंय. वस्तीचा उल्लेखच नाही. नसलेल्या माणसांना उठवायला नोटीस तरी कशाला लागते?

हरकती ऐकायचा दिवस आला. आबा, कंपाउंडरकाका, दोन बाया आणि मी गेलो. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी रेशनकार्डं बघितली, ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. म्हणाले, "बाबांनो, कार्डावर नुसतं 'रुळांपलीकडे' लिहिलंय. माझ्यासमोर इतक्या वर्षांचे कॉलेजचे नकाशे आहेत आणि एकातही इथं माणूस नाही. तुमच्या सरांनी राहती वस्ती आहे एवढं सांगितलं, तर मी मैदान पलीकडच्या मोकळ्या जागेवर सरकवतो. मी पुढच्या आठवड्यात जागा बघायला येतो, त्यांनाही बोलवा." म्हणजे एवढंच हवं होतं. एका माणसानं एकदा म्हणायचं, इथं लोक राहतात.

मी दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. ते काचेच्या टेबलापाशी पेन्सिली तासत बसले होते.

"सर, शीट सात पिवळी करा. हात जोडते."

"आणि मागच्या सगळ्या शीटांचं काय?" सर पेन्सिलीवरची नजर न काढता म्हणाले. "आधी पांढरं, पांढरं, पांढरं, आणि एकदम पिवळं? मग बदल कसा दिसेल सांगा. एका वर्षात इतकी माणसं आभाळातून पडली, असं दिसेल. हसतील लोक."

"पण सर, माणसं होतीच ना तिथं!"

"ते नकाशावरून दिसत नाही, कुमारी. आमची सगळी मालिकाच बिघडेल."

मालिका! माझ्या आईबापाचं छप्पर जाऊ लागलं होतं आणि या गृहस्थाला त्याची मालिका प्यारी होती. मला त्या क्षणी त्याचा एवढा तिरस्कार वाटला की टेबलाची ती काच फोडावीशी वाटली. पण गरज आमची होती. मी पुन्हा हात जोडले, एकदा येऊन बघा तरी म्हटलं. "येईन की. पाहणीला मी कधी नाही म्हणत नाही," सर म्हणाले.

त्या दिवशी बायांनी मिलमधून सुट्टी घेतली. अंगणं सारवली, विहाराला नवा पंचशील ध्वज लावला, पोरांना धुतलेले कपडे घातले. लग्नाला नसते एवढी तयारी. साहेब आले, सरळ बोळात शिरले, घरात वाकून बघायला लागले, एका म्हातारीशी बोलायला लागले. सर बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावर, थांबले. गळ्यात शिट्टी, हातात फळी.

आबा त्यांना आत बोलवायला गेले. "सर, या ना मझार. आमनं घर देखी ल्या."

"नको, नको. इथूनच बरं. पद्धत म्हणजे पद्धत."

नंतर वस्तीतले पुष्कळ जण म्हणाले, जात आडवी आली, म्हणून मास्तर आत आला नाही. मलाही तसं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं, रागाला धरायला काहीतरी सापडलं असतं. पण माझ्या आईनं चहा बाहेर नेऊन दिला, तो त्यांनी घेतला. आमच्या कपातून, आमच्या दुधाचा, बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि "आलं छान उतरलंय हं," असंही म्हणाले. नाही, तो माणूस कुणाच्याच दारात जात नव्हता. सराफाच्याही नाही आणि आमच्याही नाही. याचं कौतुक करायचं की त्याला शिव्या घालायच्या, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. आता कळतं, शिव्याच.

साहेब बोळातून बाहेर आले. "सर, मी तर बघितलं. पण कागदोपत्री मला तुमचं म्हणणं लागेल. काय लिहू?"

सरांनी शीट सात फळीवर लावली. त्यावर माझा खरवडलेला पिवळा भाग होता, उजेडाकडे धरला तर आरपार दिसेल इतका पातळ. सगळी वस्ती भोवती गोळा झाली. आबा पुढे झाले. मिलमध्ये पोती वाहून त्यांची मान जरा पुढे वाकलेली असायची, पण त्या वेळी ते अगदी ताठ उभे राहिले.

"सर," पायाखालची जमीन दाखवत आबा म्हणाले, "मी आठे उभा शे. माले कोनता रंग देशात?"

सरांनी वर पाहिलं. आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायांकडे, पोरांकडे. मी देवाला मानत नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात पिवळा, पिवळा असा जप चालू होता माझा. सरांचा हात खिशाकडे गेला. पेन्सिली चाचपल्या. पिवळी निघाली, ती त्यांनी परत खाली सोडली. मग दुसरी काढली आणि तिरप्या, सारख्या, सुबक रेघांनी आमची वस्ती भरायला लागले.

राखाडी.

"इतर," सर साहेबांना म्हणाले.

"अहो सर, पण राहती आहे की नाही?"

"इतर आहे. पडीक नाही, हे मी मान्य केलंय."

साहेबांनी एक दीर्घ श्वास घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसले. सर मात्र खुशीत होते. बूट झटकत मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुमारी, तुमच्याकडे बघून पांढऱ्याचा राखाडी केला. मी आजवर कुणासाठी हे केलेलं नाही."  त्यांना आभार हवे होते हो! त्या माणसाला माझ्याकडून आभार हवे होते.

'इतर' जागेवर मैदान टाकता येतं. मैदान राहिलं. आम्ही मोर्चा काढला, अर्ज केले, पुढाऱ्यांच्या ओसऱ्या झिजवल्या. माझी परीक्षा झाली त्याच उन्हाळ्यात वस्ती उठली. लोकांनी आपले पत्रे आपणच उतरवले, म्हणजे निदान पुन्हा लावता येतील. मातीच्या भिंती पहिल्या वळवाला विरघळल्या. विहाराच्या विटा मात्र आबांनी आणि पोरांनी एकेक सुटी करून हातगाडीवर नेल्या. आम्हाला नशिराबादच्या बाजूला, हायवेपासून आत, उघड्या माळावर जागा दाखवली होती. आबा तिथून सायकलनं मिलमध्ये यायचे, संध्याकाळी परत जायचे, आणि त्यांचा दम बघवत नसे.

मैदान काही झालं नाही. कुणी सपाट केलं नाही, कुणी खेळलं नाही. बाभळी वाढल्या.

पुढे दोनेक वर्षांनी मला धुळ्यात नोकरी लागली, त्यासाठी कॉलेजातून एक दाखला हवा होता. क्लार्कनं थांबायला सांगितलं म्हणून मी भूगोलाच्या खोलीवरून चालले होते. आत दिवा लागला होता, नवी पोरं काचेच्या टेबलाभोवती वाकलेली होती. सरांनी मला बघितलं आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला.

"या, या, कुमारी! अगदी वेळेवर आलात. शीट सात बघा!"

त्यांनी सगळ्या वर्षांचे कागद एकावर एक ठेवले होते. पांढरा, पांढरा, पांढरा, मधे एकच राखाडी, आणि त्यावर पुढच्या वर्षांचे, पुन्हा पांढरे. सर मुलांना बोटानं दाखवत होते. "मधला एक अपवाद वगळला तर बघा, अखंड पडीक. इतक्या वर्षांत जराही फरक नाही. मालिका कशी स्वच्छ जुळली!" मग माझ्याकडे वळून, खरोखरच्या आस्थेनं, त्यांनी विचारलं, "आता कुठं असता तुम्ही?"

"नशिराबादकडे, सर. हायवेच्या आत. आम्ही सगळे तिकडेच आहोत."

 सर भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे गेले, हॅट मागे सारून त्याच्या उजव्या कडेवर बोट फिरवलं, कडेपर्यंत आणि कडेच्या पलीकडे, चुन्याच्या भिंतीवर.

"अरेरे," सर म्हणाले. "तो भाग आपल्या शीटमध्येच येत नाही हो."